निळी मासामोर्रा

मासामोर्रा करायला अक्कल लागत नाही, आई लागते. आणि ती मला होती!

हे वाक्य मी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या गल्लीच्या सभेत उभं राहून म्हटलं. सभा म्हणजे नळाभोवती मांडलेल्या बावीस खुर्च्या. वाक्य चांगलं होतं. बसमध्ये पन्नास मिनिटं घासूनपुसून आणलं होतं. टाळ्या पडायला हव्या होत्या. त्याऐवजी बावीसच्या बावीस माना हेर्मेलिंदाकडे वळल्या.

तिथेच माझं डोकं फिरलं.

ऑक्टोबर म्हणजे आमच्या लिमा शहराचा जांभळा महिना. आम्ही बायका जांभळे झगे चढवतो, कमरेला पांढरी दोरी बांधतो आणि चमत्कारांच्या प्रभूच्या पालखीमागून चालतो. आमच्या वस्तीची स्वतःची एक छोटी पालखी आहे. तिसऱ्या शनिवारी दुपारी चारला ती गल्लीच्या तोंडाशी थांबते, भोई खांदा बदलतात आणि गल्लीने त्यांना मासामोर्रा, म्हणजे जांभळ्या मक्याची घट्ट, गोड, गरमागरम खीर वाढायची असते. एकतीस वर्षं ती माझ्या आईने केली. एउलालियाबाईची मासामोर्रा! चमचा उभा केला तर उभाच राहायचा. पडायच्या आधी विचार करायचा.

आई जूनमध्ये गेली. झोपेत, कुणाला न उठवता. तिची सगळी कामं तशीच असत. तेव्हापासून तिच्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि काहीही शोधायला गेलं की आधी तीच हाताला लागते.

तर सभेपुढचा प्रश्न एवढाच होता, की यंदा पळी कुणाच्या हातात?

हा प्रश्न साधा नाही. मक्याची कणसं तासन्‌तास उकळा, पाणी गाळा, अननसाची सालं टाका, दालचिनी-लवंग टाका, साखर टाका. तोवर शंभर हात लागले तरी चालतात. पण रताळ्याचं पीठ थंड पाण्यात कालवून एकदा पातेल्यात पडलं, की भांडं उतरेपर्यंत पळी एकाच हाताने फिरवायची. हात बदलला की मासामोर्रा फाटते! घट्टपणा जातो, पाणी सुटतं. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे ज्याच्या हातात पळी, त्याचीच मासामोर्रा. बाकीचे नुसते हमाल.

आणि आईची ती हातभर लांबीची लाकडी पळी हेर्मेलिंदाच्या घरी खिळ्याला टांगलेली होती.

हेर्मेलिंदा आईच्या समोरच्या खोलीत राहते. शिवणकाम करते. नाकीडोळी साधी, बोलणं साधं, राग यावा असं तिच्यात काहीच नाही. म्हणून तर जास्त राग येतो! गेली अकरा वर्षं आई मासामोर्रा करायची तेव्हा ही शेजारी बसून मका सोलायची. अकरा वर्षं आई तिला ‘पोरी’ म्हणायची. पोटच्या पोरीला मात्र पूर्ण नावाने हाक, दोन्ही आडनावांसकट! ‘रोसाउरा बेनाविदेस ओर्मेन्यो, हात धुतलेस का?’ जणू मी घरी जेवायला आले नसून कोर्टात हजर झाले आहे.

गल्लीचे अध्यक्ष तेओबाल्दोकाका खाकरले. “रोसाउरा, तुझं म्हणणं बरोबर आहे, पण तू कधी केली आहेस का?”

“काका, मी ती एकतीस वर्षं खाल्ली आहे.”

“मी पन्नास वर्षं बसमधून फिरतोय,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. “उद्यापासून चालवायला घेऊ का?”

हशा! मी मुद्रितशोधक आहे. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका शोधून काढण्याचा पगार घेते. माझ्याकडे या प्रश्नाला किमान तीन उत्तरं होती. तिन्ही मला घरी परतताना बसमध्ये सुचली.

तेवढ्यात हेर्मेलिंदा उठली. आत गेली, पळी घेऊन आली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली.

“घ्या ताई. मुलीचाच हक्क आहे. मे महिन्यात त्यांनी माझ्याकडे नुसती ठेवायला दिली होती.”

बघा! भांडली असती तर मी जिंकले असते. तिने देऊन टाकली आणि मी हरले! बावीस खुर्च्यांनी मिळून ‘हाऽऽ’ असा सुस्कारा सोडला. कोणीतरी म्हणालं, “काय मन आहे!” ते माझ्याबद्दल नव्हतं.

“पीठ आणू का तुमच्यासाठी?” जाता जाता ती म्हणाली. “माझा बाजारातला माणूस चांगला आहे.”

“नको,” मी म्हटलं. “आमच्या घरचं आहे.”

घरचं काहीही नव्हतं. पण हे वाक्य तोंडातून गेलं आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

तिसऱ्या शनिवारी पहाटेच मी आईच्या खोलीत हजर झाले. जांभळा झगा, पांढरी दोरी, केस करकचून बांधलेले. पातेलं एवढं, की त्यात मी मांडी घालून बसले असते. सात किलो मका उकळला, गाळला. सुके आलुबुखार घातले, सफरचंदं घातली. दुपारी दोनपर्यंत सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की मला भीती वाटायला हवी होती. वास गल्लीभर पसरला. तेओबाल्दोकाका खिडकीशी येऊन डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, “एउलालिया!” एवढंच. मग नाक शिंकरून निघून गेले. मी समोरच्या दाराकडे बघितलं. हेर्मेलिंदा दारात बसून कुणाचा तरी झगा आखूड करत होती. ऐकलं असेल का तिने? ऐकलं असलं तर बरं होईल, असं मला वाटलं.

पीठ मी गुपचूप बाजारातूनच आणलं होतं. दीड किलो. पण आपण ‘घरचं’ म्हटलंय हे मनाला टोचत होतं. म्हणून मी आईची फडताळं उघडली. वरच्या फळीवर, खिडकीच्या बाजूला, एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता. आत पांढरी, मऊ पूड. चार-पाच चमचे असेल.

आईच्या हातचं शेवटचं पीठ!

मी डबा छातीशी धरला. खोटं कशाला सांगू, त्याची पापीसुद्धा घेतली. एवढी पुस्तकं वाचलेली बाई मी, पण पुडीचा वास घेऊन बघावा, चव घेऊन बघावी, हे कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. डबा उपडा करून, बोटाने कडा निपटून, कणन्‌कण मी बाजारच्या पिठात मिसळला. मनात म्हटलं, हेर्मेलिंदाबाई, पळी तुम्ही देऊ शकता. हे नाही देऊ शकत!

पीठ थंड पाण्यात कालवलं. पळी उजव्या हातात धरली. मनातल्या मनात प्रभूचं नाव घेतलं आणि ओतलं.

पहिला क्षण काही झालं नाही. दुसऱ्या क्षणी पातेलं हसलं! दुसरा शब्द नाही. खदखदलं, फसफसलं आणि फेसाचा एक डोंगर काठावरून माझ्या अंगावर आला. झगा भिजला, चपला भिजल्या, शेगडी फुसफुसली, फरशीवरून एक ओहोळ दाराखालून बाहेर निघाला. मी ढवळतेय! थांबायचं नाही ना! फेस जरा खाली बसला आणि मी पातेल्यात डोकावले.

मासामोर्रा निळी झाली होती.

निळसर नव्हे हो, निळी! शाळेतल्या शाईच्या दौतीसारखी! आणि पीठ आपलं काम इमानाने करत होतं. निळी शाई घट्ट होत होती. पळी मारली की ‘प्लक’ असा आवाज येई आणि एक निळा डोळा उघडून मिटे.

आता माझी अवस्था बघा. पळी सोडता येत नाही, कारण हात बदलला की फाटणार. दाराची कडी लावता येत नाही, कारण दार चार पावलांवर. मदतीला ओरडता येत नाही, कारण मदत समोरच्या दारात बसून झगे आखूड करतेय. उजव्या हाताने पळी, डाव्या हाताने झाकण. पातेलं अर्धं झाकून, झाकणाच्या फटीतून मी आंधळ्यासारखी ढवळत होते आणि आईच्या फोटोकडे बघत होते. फोटोत आई दात दाखवून हसत होती. तिला काय!

“काय गं, झाली का घट्ट?” तेओबाल्दोकाकांचं डोकं खिडकीत.

“काका, बघू नका!”

“का?”

“बघायचं नसतं!” तोंडात आलं ते मी ठोकून दिलं. “पीठ पडल्यावर बघितलं की नजर लागते. आईचा नियम होता.”

काकांचा चेहरा एकदम गंभीर झाला. “आम्हाला कधी बोलली नाही.”

“शेवटी शेवटी सांगितलं तिने. फक्त मला.”

फक्त मला! खोटं बोलतानाही मत्सर काही सुटला नाही.

काकांनी लगेच पाठ फिरवली. तेवढ्यावर भागलं असतं. पण अध्यक्ष पडले ना! बाहेर त्यांचा आवाज घुमला. “ऐका हो ऐका! कुणीही एउलालियाच्या दाराकडे बघायचं नाही! तिची शेवटची इच्छा आहे!”

नियमाची शेवटची इच्छा व्हायला बारा सेकंद लागले. खिडकीतून बघते तर काय, सगळी गल्ली माझ्याकडे पाठ करून उभी! जांभळ्या पाठींची एक रांग आणि प्रत्येक पाठीवर पांढरी दोरी. लवकर आलेल्या भोयांनाही कुणीतरी वळवून उभं केलं होतं. एक म्हातारी तर भिंतीला नाक लावून जपमाळ ओढत होती. नळावर आलेली बाई बादली घेऊन उलट्या पावलांनी चालली होती आणि तिच्या पायाखालून एक निळा ओहोळ गटाराकडे निघाला होता.

साडेतीन वाजले. लांबून बँडचा आवाज यायला लागला.

इतक्यात दार उघडलं आणि हेर्मेलिंदा आत आली. उलटी चालत! पाठ माझ्याकडे, तोंड गल्लीकडे आणि हातात लिंबांची टोपली.

“मी बघत नाहीये हं ताई,” ती दाराला म्हणाली. “फक्त एक विचारते. वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा उघडलात का?”

माझा हात थांबणारच होता. “का?”

“गटार निळं झालंय म्हणून.”

“ते आईचं पीठ होतं!”

“पीठ नव्हे हो. खायचा सोडा! जांभळ्या मक्यात सोडा पडला की निळंच होणार. मीच आणून द्यायचे दर महिन्याला. कवळीसाठी.”

“कुणाची कवळी?”

तिने टोपली या हातातून त्या हातात घेतली. “तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

नव्हतं! माझ्या आईचे दात खोटे होते आणि मला ठाऊक नव्हतं! मी फोटोकडे बघितलं. तेच हसू. आत्तापर्यंत मला तिच्या हाकेचा हेवा वाटत होता, पळीचा वाटत होता; आता मी पातेल्यापाशी उभी राहून आईच्या कवळीचा हेवा करत होते. या बाईने माझ्या आईचे दातसुद्धा बघितले होते, पेल्यात!

“किती वर्षं?” मी विचारलं.

“आठ. रविवारी तुम्ही यायचात म्हणून सकाळीच घालून बसायची. बाकी आठवडा पेल्यात. म्हणायची, रोसाउराला कळलं तर ती मला म्हातारी समजेल आणि आपल्या घरी घेऊन जाईल.”

“पण त्या दिवशी, जूनमध्ये... तेव्हा तर होते दात.”

“तुमची बस यायच्या आधी मी घातले,” हेर्मेलिंदा म्हणाली. “ढवळा ताई. थांबू नका.”

मी ढवळलं. ‘प्लक’ करून एक निळा डोळा उघडला आणि मिटला.

मग मी म्हटलं, “इकडे बघ.” अहोजाहो कुठे गळून पडलं कोण जाणे.

ती वळली. पातेल्यात बघितलं. तोंडावर हात ठेवला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. कसली रडतेय! हसून हसून ती खाली बसली.

“अगंबाई, ही तर आमच्या निळ्या-पांढऱ्या फुटबॉल क्लबाची मासामोर्रा झाली! गोल झाल्यावर वाढा!”

“हसू नकोस! काय करू ते सांग!”

“लिंबू! आंबट पडलं की रंग परत येतो. याच मक्याचं सरबत, चिचा करताना नाही का, लिंबू पिळलं की कशी उजळते. मी पिळते. पळीला मात्र हात लावणार नाही, देवाशपथ. हात तुमचाच.”

आणि ती पिळायला लागली. दहा लिंबं, वीस लिंबं. पातेलं पुन्हा फसफसलं, निळ्याचं जांभळट झालं, जांभळटाचं जांभळं. अगदी तोच रंग! झग्याचा, ऑक्टोबरचा, आईचा!

“बास,” हेर्मेलिंदा म्हणाली.

इथे थांबायला हवं होतं. पण ‘बास’ ती म्हणाली ना! मी म्हणाले असते तर थांबले असते.

“अजून दहा,” मी म्हटलं. “आईचा रंग मला माहीत आहे.”

“ताई, जास्त होईल.”

“पिळ!”

तिने पिळली. मासामोर्रा लाल झाली. झगझगीत, लिपस्टिकसारखी! आणि इतक्या लिंबांनी पिठाचं कंबरडं मोडलं. पळीवरून जी दाट धार पडायची, ती आता पाण्यासारखी पडायला लागली. हात बदलला नव्हता, तरी फाटली! बँड गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला.

मी पळी घट्ट धरून उभी. “संपलं. एकतीस वर्षांचं एका दुपारी संपवलं मी. तुझ्याकडेच राहायला हवी होती ही पळी. तुलाच ती पोरी म्हणायची.”

हेर्मेलिंदाने कपाळाला हात लावला. लिंबाचाच. “अहो ताई, तिला माझं नाव लक्षात राहायचं नाही! पहिल्या वर्षी हेर्मिनिया, दुसऱ्या वर्षी हेर्मेनेगिल्दा. एकदा तर पुरुषाच्या नावाने हाक मारली, भर नळावर! शेवटी दोघींनी कंटाळून ‘पोरी’ ठरवलं. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालाही ती ‘पोरा’च म्हणायची. दोन्ही आडनावांसकट सबंध नाव तिला एकच पाठ होतं.”

मी ढवळत राहिले. वाफ फार होती, डोळ्यांत जात होती.

“वाट्या राहू द्या,” ती उठत म्हणाली, “पेले काढा! पेल्यात पातळ शोभतं. वर दालचिनी भुरभुरू.”

आम्ही पेल्यांत वाढली. तेओबाल्दोकाकांनी “आता बघा!” असा हुकूम सोडला आणि सगळी गल्ली एकदम वळली, जशी कवायतीत. काकांनी पेला उजेडात धरला. “लाल कशी?”

“शेवटची इच्छा,” हेर्मेलिंदा म्हणाली. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

भोयांचा म्होरक्या आनाक्लेतो. अंगाने कपाटासारखा, बोलायला कंजूष. त्याने पेला एका दमात रिकामा केला. दुसरा केला. मग छातीवर हात ठेवून स्तब्ध उभा राहिला. मला वाटलं, गेला! एक माणूस गेला माझ्यामुळे! पालखी कोण उचलणार?

आनाक्लेतोने ढेकर दिला. असा, की बँडमधला ढोलवाला दचकून एक ठोका चुकला.

“दोन दिवसांची जळजळ गेली!” तो म्हणाला. “अजून आहे का?”

मग काय विचारता! सोडा आणि लिंबू! गल्लीच्या तोंडाशी एकामागोमाग ढेकरांची सलामी झडली. भिंतीला नाक लावलेली म्हातारी तर तीन पेले प्यायली आणि पालखीमागून तरण्याताठ्या पोरीसारखी चालायला लागली.

पातेलं रिकामं झाल्यावर तेओबाल्दोकाका माझ्यासमोर उभे राहिले. मी पळी पुढे केली. परत द्यायचीच होती.

“ठेव,” ते म्हणाले. “दोन तास हात सोडला नाहीस, मी ऐकत होतो. पुढच्या वर्षीही हात तुझाच. पण डबे उघडायचे ते हेर्मेलिंदाने. हा गल्लीचा ठराव.”

गल्लीने कधी ठराव केला देव जाणे, पण कुणी हरकत घेतली नाही. मी मान खाली घातली.

पालखी उचलताना आनाक्लेतो वळला. मिशीला लाल कड, डोळे ओले. “बाई,” तो मला म्हणाला, “मी वीस वर्षं इथे थांबतोय. पहिल्या घोटालाच ओळखलं. तुमच्या आईची आठवण झाली. वाटलं, जणू तीच आहे यात.”

मला हुंदका आला. काहीतरी सुंदर बोलायला हवं होतं. मी शब्द शोधत होते.

पालखी पुढे गेली, बँड वळला आणि हेर्मेलिंदा माझ्या कानाशी हळूच म्हणाली, “खोटं नाही बोलला बिचारा. होतीच की ती त्यात. चार-पाच चमचे.”

तिथेच, नळाच्या कट्ट्यावर बसून, आम्ही दोघी पोट धरून हसलो. जूनपासून मी पहिल्यांदाच हसत होते. पण खरं सांगते, हसता हसताही मनात एक बारीकशी कळ आलीच: एवढं चांगलं वाक्य, आणि तेही तिलाच सुचावं!